‘आमच्या हिले सोसणार नाही’

जवाहरनगरच्या क्वार्टरांमध्ये कोणता पिक्चर बायकापोरांनी बघायचा आणि कोणता नाही, हे सेन्सॉर बोर्ड ठरवत नसे, गभणे काका ठरवत. सेन्सॉरचं सर्टिफिकेट पडद्यावर सगळ्यात आधी यायचं, पण त्याला विचारतो कोण? काकांनी मान डोलावली की आम्ही स्वयंपाक लवकर उरकून सतरंज्या झटकायच्या, आणि त्यांनी जीभ टाळ्याला लावून ‘च्यक्’ केलं की घरी बसायचं. बस्स. एवढा साधा कारभार होता.

मी तिथं लग्न होऊन आले सत्तरच्या दशकाच्या मध्याला. माहेर भंडाऱ्याचं, तोंड फटकळ, आणि पदरी पडलेला नवरा असा की फॅक्टरीच्या बसमधून उतरल्यापासून जेवेपर्यंत स्वतःच्या बहादुरीच्या गोष्टी सांगणारा. आत दारूगोळ्याच्या फॅक्टरीत काय करता, हे मात्र कोणाचाच नवरा घरी बोलत नसे. तसा नियमच होता. त्यामुळे गभणे काका आत काय करत ते मला अजूनही ठाऊक नाही. बाहेर ते क्लबचा सिनेमा बघत, म्हणजे तो आणणं, दाखवणं, सगळं तेच. ते आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे.

शनिवारी अंधार पडला की क्लबमागच्या मैदानात दोन बांबूंना पांढरा पडदा बांधायचे. पुढे आम्ही बायका आणि मुलं, मागे पुरुष. उशिरा येणारे पडद्याच्या उलट्या बाजूला बसत, त्यांना सगळे हिरो डावखुरे दिसत. तुम्हाला आज हसू येईल, पण आम्हा बायकांचा आठवड्यातला तेवढाच वेळ स्वतःचा होता. बाकी दिवस भोंगा, डबा, नळ आणि पुन्हा भोंगा. कोणी पंजाबची, कोणी मद्रासकडची, कोणी बंगालची, कोणी लाखांदूरची. एकमेकींची भाषा कळायची मारामार, पण पडद्यावर सासू दिसली की सगळ्या एकदमच ‘हं’ करायच्या.

काका धिप्पाड. मनगट माझ्या पोटरीएवढं, मिशी अशी की लहान मुलं बघूनच दूध पिऊन टाकत. पिक्चर ठरवण्याआधी रविवारी स्वतः नागपूरला जाऊन तो बघून यायचे. सोमवारी संध्याकाळी नळाजवळ आम्ही त्यांना गाठायचं.

“काय काका, कसा आहे?”

“चांगला हाय. गाणे चांगले हाय. देवाचा बी हाय थोडासा.”

“मग आणताय ना?”

“मारामारी लय हाय वो. आमच्या हिले सोसणार नाही.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ‘आमची ही’ म्हणजे गभणे काकू. लाखांदूरकडच्या धानवाल्या घरातली लेक, अंगानं काडी, रंगानं काळीसावळी, बोलणं जेवढ्यास तेवढं. आम्ही सगळ्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं की काकूंचं काळीज नाजूक आहे. त्यांच्यासमोर कोणी अपघाताची बातमी काढत नसे. मी तर नवी असताना एकदा त्यांना अर्जुनसालीचा काढा नेऊन दिला होता, छातीला बरा म्हणून. त्यांनी मुकाट्यानं घेतला, आणि दुसऱ्या दिवशी भांडं घासून परत केलं.

आणि काकांबद्दल उलटी ख्याती. नळावर दोन पुरुषांची जुंपली की काका एक क्षण उभे राहायचे, मग वळायचे आणि घरात जाऊन दार लावून घ्यायचे. आमचे हे सांगायचे, “काका बरे गेले आत. त्यांचा हात उठला असता तर समोरचा उठला नसता.” ही गोष्ट सगळ्या कॉलनीत अशीच सांगितली जायची. कुत्र्यांची भांडणं लागली तरी काका आत. केवढा संयम बघा, असं लोक म्हणायचे.

अगदीच मारामारी नसलेला पिक्चर आणायचा म्हटला तर वर्षभरात चारही मिळायचे नाहीत. म्हणून काकांनी मधला मार्ग काढला होता. मुलं परीक्षेला नेतात तसला लाकडी पॅड घेऊन ते प्रोजेक्टरशेजारी उभे राहत. पडद्यावर हाणामारी सुरू होणार असं दिसलं की पॅड भिंगासमोर. सगळा पडदा काळा. संपली की पॅड बाजूला. याला आम्ही ‘पट्टी लावणं’ म्हणायचो.

आता, पडदा झाकला तरी लाउडस्पीकर कोण झाकणार? एकदा डाकूंचा पिक्चर होता. काकांनी पट्टी लावली आणि मिट्ट काळोखात नुसते आवाज. धाड! फाड! “मर गया रे!” घोडा खिंकाळला, बाई किंचाळली, काहीतरी फुटलं. पोरांनी काळोखात काय काय बघितलं देव जाणे, एकेकानं असा गळा काढला की पंजाबीण आपली दोन्ही लेकरं काखोटीला मारून घरी पळाली. पट्टी निघाली तेव्हा पडद्यावर हिरो आरशात बघून भांग पाडत होता. कपाळाला एवढीशी चिकटपट्टी.

मी दुसऱ्या दिवशी नळावर म्हटलंच, “काका, दाखवून टाकलं असतं तर पोरं कमी घाबरली असती.”

“तुमाले नाही समजत,” काका म्हणाले. “हिचा हात धरून पाहाले पायजे होता. असा थंड पडला होता.”

काकू मागे धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी ओला टॉवेल जोरात झटकला.

मग अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमाराला कराटे आलं. कुठून आलं विचारू नका, गोवर येतो तसं आलं. नागपूरला कोणी एक चिनी पिक्चर बघून आला आणि आठवड्याभरात कॉलनीतले सगळे पोट्टे ‘हू’ आणि ‘हा’ करत हिंडायला लागले. कपडे वाळत घालायच्या बांबूंना लाथा, छपराची कवेलू हातानं फोडणं, विटांवर तळहात आपटून रडत घरी येणं. एकाचा हात प्लास्टरमध्ये गेला. तो प्लास्टर मिरवायला लागला तेव्हा दुसऱ्यांना वाटलं आपलाही मोडावा.

क्लबमध्ये भुरे नावाचा एक तरणा सुपरवायझर होता. लग्न व्हायचं होतं, म्हणून जगाची सगळी अक्कल त्याच्याजवळ. त्यानं सभेत विषय काढला की कराटेचा पिक्चर आणायचाच. काका म्हणाले, “आमच्या हिले...” भुरेनं त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. भुरे म्हणाला, “काकाजी, तुमच्या एका घरासाठी सगळ्या कॉलनीनं काहून उपाशी राहाचं? आमी शनिवारी फक्त माणसांचा शो करतो. बायापोरांसाठी तुमी दुसरा दिवस पाहा, भेटला तं.”

दुसरा दिवस भेटणार नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. मैदान, प्रोजेक्टर, रिळांची भाड्याची पेटी, सगळं शनिवारचंच. म्हणजे आमचा शनिवार जाणार. आणि माणसांचा शो म्हणजे काय असतो तेही आम्ही जाणून होतो. पिक्चर कमी आणि बाटली जास्त. आमच्या ह्यांनी घरी येऊन सांगितलं की मी भुरेच्या बाजूनं बोललो, मर्दानी खेळ आहे, बघितला पाहिजे. मी त्या रात्री त्यांच्या भाजीत मीठ घातलं नाही.

काका सभेत एवढंच म्हणाले होते, “आधी पाहून येतो. मंग सांगतो.”

रविवारी सकाळी ते निघाले तर काकू लुगडं बदलून दारात उभ्या. “मी बी येते,” म्हणाल्या.

“तुले सोसणार नाही.”

“माह्याच नावानं नाही म्हणणार आहा न? मंग मले पाहू तं द्या काय आहे ते.” आणि माझ्याकडे वळून, “चाल वं बाई, तू बी चाल. मले सोबत होईल.”

मी काय, एका पायावर तयार. ह्यांना म्हटलं आज पोरीला सांभाळा, पोळ्याही तुम्हीच लाटा, मर्दानी खेळ आहे.

नागपूरच्या थिएटरात आम्ही बाल्कनीत बसलो. काका एका टोकाला, मध्ये काकू, मग मी. पिक्चर इंग्रजीत बोलत होता आणि ओठ तिसरंच काही बोलत होते. मला वाटलं झोप येणार. तेवढ्यात पडद्यावर पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांध्या आल्या. ओळीनं वाकून लावणी करणाऱ्या बाया, हातात हिरवी रोपं.

काकू ताठ झाल्या. “अवं! हा तं रोवणा होय!”

“हळू बोला काकू.”

“रोप कसं धरून राहिली पाय तं. अशानं लागते का? एवढ्या दूर दूर लावून राहिल्या, पिकंल काय, घंटा?”

मागच्या रांगेतला माणूस हसला. काकूंना त्याचं काही नव्हतं. चीनमध्ये धान असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि आता कळलं तसा तो पिक्चर त्यांच्या गावचा झाला. पुढे सावकाराची माणसं आली आणि त्यांनी एका म्हाताऱ्याच्या बांधीचा धुरा, म्हणजे बांध, फोडला. पाणी भळाभळा खालच्या शेतात. काकूंच्या तोंडून असा काही हुंकार निघाला की मी दचकले. त्यांच्या भागात पाणी फोडणं म्हणजे खुनाच्या वरचा गुन्हा.

आणि मग त्या म्हाताऱ्याची लेक चिखलातून सरळ झाली. काकूंएवढीच बारीक. हातातली पेंढी खाली ठेवली, आणि पहिल्याला अशी लाथ घातली की तो चिखलात तोंडावर. दुसऱ्याला कोपर. तिसऱ्याला त्याच्याच काठीनं.

“दे!” काकू ओरडल्या. “दे अजून एक! तो मांगून येऊन राहिला, मांगं पाय!”

त्यांनी माझा हात धरला होता. थंड नव्हता, चांगला कढत होता. ह्या बाईचं काळीज नाजूक? मी हसत हसत काकांकडे बघितलं, त्यांना दाखवावं म्हणून.

काकांचे डोळे घट्ट मिटलेले. मान छातीवर, दोन्ही अंगठे कानात, आणि तो एवढा मोठा देह खुर्चीत आक्रसलेला. कपाळावरून घाम मिशीत उतरत होता. पडद्यावर कोणी आपटलं की त्यांचा खांदा उडायचा, मार त्यांनाच बसल्यासारखा.

मारामारी संपली. काकूंनी पडद्यावरची नजर न काढता त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. “झालं. उघडा.”

काकांनी डोळे उघडले.

इंटरव्हलला काका पाणी प्यायला गेले तेव्हा काकू मला म्हणाल्या, “तुले दिसलं, म्हणून सांगते. पयलेपासून तसाच हाय तो माणूस. आमच्या घरी कोंबडा मी कापते. तो तवा मारुतीच्या देवळात जाऊन बसते.”

“आणि ते नळावरचं? हात उठला तर समोरचा...”

“कायचा हात उठते! घरात येऊन खाटेवर बसते, अन् मले म्हणते पाय वं, थांबले का.” त्या हसल्या नाहीत. “पण कोणाले सांगू नोको. माणसाची इज्जत असते. माह्या नावानं सांगते तं सांगू दे, माहं काय जाते?”

काय जात होतं ते मला मघाशीच दिसलं होतं. इतकी वर्षं प्रत्येक पिक्चरमधला त्यांना सगळ्यात आवडणारा तुकडा त्यांच्याच नावानं झाकला जात होता. मला काकांचा राग आला, खरं सांगते. आणि त्याच वेळी पाण्याच्या नळाशी वाकलेली त्यांची ती पाठ बघून कळवळाही आला. दोन्ही एकदम.

परतीच्या बसमध्ये काकांनी तिकिटं काढली. मग म्हणाले, “तुले आवडला?”

“लय.”

“मारामारी बी?”

“मारामारीच तं आवडली. दुसरं होतं काय त्याच्यात?”

“मंग आजवर बोलली काहून नाही?”

“तुमी इचारलं कधी?”

एवढंच. काका खिडकीतून बाहेर बघत राहिले.

सभेच्या दिवशी आम्ही बायका क्लबच्या व्हरांड्याबाहेर घोळका करून उभ्या. आतमध्ये भुरे पाय ताणून बसलेला. मला धाकधूक होती. काकांनी नाही म्हणावं तर शनिवार गेला. हो म्हणावं तर इतकी वर्षं जे सांगितलं त्याचं काय करायचं?

काका उठले. खुर्चीची पाठ धरली. “पिक्चर फॅमिलीचा हाय,” ते म्हणाले. “आमच्या हिनं पाहिला. तिले सोसला. लय आवडला.”

भुरे खूश. “मंग झालं तं काकाजी! बायापोरांसाठी पायजे तं पट्टी लावून दाखवू.”

“पट्टी लावाची नाही. पुरा दाखवाचा.” काका थांबले. “आजवर मी जे म्हणत होतो का हिले सोसत नाही, ते खोटं होतं. मले सोसत नाही. मले मार पाहवत नाही. कोंबडा बी पाहवत नाही मले.”

आधी कोणाला कळेना हसायचं की काय करायचं. मग भुरे फिस्सकन हसला, आणि मग सगळेच. आमच्या ह्यांचं हसणं मला वेगळं ओळखू आलं. काका तसेच उभे, हसणं संपायची वाट बघत. बाहेर काकूंनी पदर तोंडाला लावला होता. “कायले सांगितलं यानं? कोणी म्हटलं होतं का सांग म्हणून?” त्या रागावल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मी आयुष्यात बरेच शूर लोक बघितले, बरेचसे स्वतःच्याच तोंडचे. पण भर सभेत असं उभं राहणं मी त्या एकाच माणसाचं पाहिलं.

त्या आठवड्यात काकांचे हाल झाले. ते दिसले की पोट्टे ‘हू! हा!’ करून उड्या मारत. ते मागच्या रस्त्यानं बस पकडायला जायला लागले.

शनिवारी मैदान फुलून गेलं. पेटीवाल्यानं पहिलं रीळ चढवलं तसा काकांनी माइक घेतला. “ज्याले भेव वाटत असंल त्यानं माह्यासंग चला. तिकडं कडूनिंबाखाली बसून राहू आपण. मी गोठी सांगतो.” चार-पाच बारकी पोरं उठली, त्यांची बोटं धरून काका गेले.

इकडे काय दंगा! रोवणा दिसला तशा आमच्याकडच्या सगळ्या बाया ‘अवं माय!’ करून उठल्या. बंगालिणीही उठल्या, धान तर त्यांचंही. मारामारी सुरू झाली आणि गभणे काकू सतरंजीवर उभ्या राहून ओरडायला लागल्या. त्यांना बघून बाकीच्या थक्क झाल्या, मग त्याही ओरडायला लागल्या. पंजाबीण शिट्टी वाजवत होती. एवढा आनंद त्या मैदानात मी पुन्हा पाहिला नाही.

मधल्या रिळाला माझी तीन वर्षांची पोरगी दिसेना म्हणून मी कडूनिंबाकडे गेले. काका मांडी घालून नागझिऱ्याच्या जंगलातल्या अस्वलाची गोष्ट सांगत होते, मध घेऊन अस्वल घरी जातं तेवढीच. पोरं होतीच. पण पोरांच्या मागे काळोखात चांगली सात-आठ मोठी माणसं बसली होती. एक मिशीवाला फोरमन. एक पहारेवाला. आणि एकाच्या पायात चप्पल ओळखीची वाटली म्हणून वाकून बघते तर आमचे हे.

“पोरीला सोबत म्हणून आलो,” ते म्हणाले.

मी वळून बघितलं तर पोरगी पडद्यासमोर काकूंच्या शेजारी उभी राहून ओरडत होती. त्या दिवसापासून कॉलनीत काकांना हसायचं मात्र कोणाला जमेना. हसणारे निम्मे तर कडूनिंबाखालचेच.

पुढे पिक्चर ठरवायला रविवारी दोघं मिळून जायला लागले. बघायच्या काकू. थिएटरमधून निघाल्यापासून क्वार्टरच्या दारापर्यंत त्या काकांना हातवारे करून सगळी गोष्ट सांगायच्या, आणि ती ऐकून काका ठरवायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी साकोलीला दोन खोल्या बांधल्या. ऐंशीच्या दशकाची अखेर असेल, एका लग्नाला साकोलीला गेले होते तेव्हा त्यांच्याकडे डोकावले. काका पार वाळले होते, मिशी पांढरी. काकू होत्या तशाच. शेजाऱ्यांनी भाड्यानं व्हिडिओ आणला होता, भर दुपारी बैठकीत गर्दी. काकूंनी मला ओढतच नेलं. पिक्चर कराटेचाच होता. त्यात एक प्रसंग असा की हिरो सावकाराच्या वाड्यात घुसतो. दारावर एक पहारेकरी नुकता डबा उघडून जेवायला बसलेला असतो. त्याला हिरो जाता जाता अशी लाथ मारतो की तो पायऱ्यांवरून गडगडत खाली जातो, आणि पिक्चर पुढे निघून जातो. त्या माणसाकडे पुन्हा कोणी बघत नाही.

घरी आलो तर काकांनी चहाचं आधण ठेवलं होतं. काकूंनी पदर खोचला आणि गोष्ट सुरू केली. काका पातेल्याकडे बघत ऐकत होते. पहारेकऱ्यापाशी त्यांनी हात वर करून काकूंना थांबवलं.

“जेवत होता तो?”

“हाव, जेवत होता.”

“मंग? त्याचं काय झालं?”

काकू जराशा थांबल्या. “उठला न तो,” त्या म्हणाल्या. “त्याची बायको आली. तिनं पाणी देलं, अन् दोघं घरी गेले.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. “खरंच?”

“हो काका,” मी म्हटलं. “मी पण बघितलं. चांगला चालत गेला.”

“बरं झालं,” काका म्हणाले, आणि त्यांनी तीन कपांत चहा गाळला.